हरलेलीने जायचं कुठे?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याच्या बाजारात रंगीत मासे बघायला गेलं, की फायटरचे नर नेहमी एकेकटे दिसतात. कुणी काचेच्या बरणीत, कुणी प्लास्टिकच्या ग्लासात. दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सारलेला असतो. तो काढला की दोन्हीकडचे नर कल्ले फुलवून काचेवर धडका मारायला लागतात. माद्यांची व्यवस्था मात्र वेगळी असते. एकाच टँकमध्ये पंचवीस-तीस माद्या सोडून दिलेल्या असतात आणि कुणी कुणाला फारसं काही करत नाही. गिऱ्हाईक हे बघतं आणि मनात हिशेब मांडतं : तीस जणी इथे गुण्यागोविंदाने राहतात, तर घरच्या दोन फुटी टँकमध्ये पाच जणी सहज राहतील. ‘फिमेल भांडत नाहीत’ असं सांगून दुकानदारही पाच पिशव्या बांधून देतो. आठवडाभरात त्या पाचांतली एक फिल्टरच्या मागे अंग चोरून बसलेली असते, एकीची शेपटी अर्धी झालेली असते आणि एक सकाळी तरंगताना सापडते.

हा हिशेब चुकतो कुठे, हे समजून घ्यायचं तर आधी या माशाच्या मूळ गावी जायला हवं.

फायटर म्हणजे बेटा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंडचा. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली भातखाचरं, दलदली आणि गवताने भरलेली उथळ डबकी हे त्याचं घर. तिथलं पाणी कोमट, संथ आणि प्राणवायूला गरीब असतं. त्यामुळे या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, लॅबिरिंथ नावाचं घड्याघड्यांचं इंद्रिय असतं. पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट घेतो आणि त्या घड्यांमधल्या रक्तवाहिन्या त्यातला प्राणवायू शोषतात. बरणीतही हा मासा तग धरतो तो यामुळे, आणि ‘याला फिल्टर लागत नाही’ हा गैरसमज पसरला तोही यामुळेच.

युरोपीय शास्त्राला त्याची ओळख झाली ती भारतात नोकरी करणाऱ्या एका डॉक्टरमुळे. थिओडोर कँटर हा मूळचा डॅनिश माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत होता. १८४०च्या सुमारास सयामच्या राजाकडचे काही झुंजार मासे त्याच्या हाती आले. १८४९ मध्ये त्याने त्यांच्याविषयी लिहिलं, पण त्यांची गणती भलत्याच जातीत केली. ही वेगळी जात आहे हे ओळखून बेटा स्प्लेंडेन्स हे नाव दिलं ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी, १९१० मध्ये. पुढे २०१९ मध्ये थायलंडने या माशाला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. या सगळ्या कौतुकात चित्र छापलं जातं ते नराचंच. मादी लहान, आखूड परांची आणि बहुधा फिक्या रंगाची. ती कोपऱ्यात राहिली, आणि ती गरीब स्वभावाची असणार असंही लोकांनी परस्पर ठरवून टाकलं.

सयाममध्ये या नरांच्या झुंजी लावायचे आणि त्यांवर पैजा लागायच्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सयाम सरकारचे मत्स्यविषयक सल्लागार असलेले अमेरिकन शास्त्रज्ञ ह्यू स्मिथ यांनी या झुंजींचं वर्णन करून ठेवलं आहे. खाचरातून पकडून आणलेले मासे थोड्याच वेळात आटोपतात : एक पाठ फिरवतो, दुसरा जिंकतो. झुंजीसाठी पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेले मासे मात्र तासन् तास लढतात. झुंजीचा निकाल कोण मेलं यावर ठरत नाही, कोणी पाठ फिरवली यावर ठरतो. म्हणजे पैदास करणाऱ्यांनी निवडला तो नुसता जोरात चावणारा मासा नव्हे. माघार न घेणारा मासा निवडला गेला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही माणसाळवण्याची प्रक्रिया किमान चारशे वर्षं जुनी आहे, आणि आज दुकानात दिसणाऱ्या हाफमून, क्राउनटेल, प्लाकाट अशा शोभेच्या वाणांचं मूळ मुख्यत्वे याच जातीत आहे.

निवड नरांची झाली, झुंजी नरांच्या झाल्या. मग माद्यांचं काय? मकाऊच्या सेंट जोसेफ विद्यापीठातल्या आंद्रेया रामोस आणि डेव्हिड गोन्साल्विस यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. झुंजीच्या वाणातल्या माद्या आणि रानटी वाणातल्या माद्या यांची त्यांनी तुलना केली. २०१९ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की झुंजीच्या वाणातल्या माद्या जास्त आक्रमक निघाल्या, जरी त्यांना कधीच कुणी झुंजीत उतरवलं नव्हतं. विजेत्या बापांची निवड करता करता लेकींमध्येही तोच पीळ आला होता. दुकानात ‘फिमेल भांडत नाहीत’ हे वाक्य ऐकू आलं, की त्यावर हे एवढं उत्तर पुरे.

खरं तर हे त्याच्याही फार आधी कळलेलं होतं. जेम्स आणि झोरा ब्रॅडॉक या संशोधकांनी १९५५ मध्ये फक्त माद्यांमधल्या आक्रमकतेवर सविस्तर निबंध लिहिला. माद्या एकमेकींशी लढतात आणि त्यातून वरचढ कोण, खालची कोण हे ठरतं, असं त्यांनी दाखवलं. या माशात नर आणि मादी यांच्यातली भिंत एकूणच पातळ दिसते. १९७५ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात प्रौढ माद्यांची अंडाशयं काढून टाकली, तर त्यातल्या काहींना त्या जागी वृषण तयार झालं आणि त्या चक्क नर म्हणून प्रजननक्षम ठरल्या. तेव्हा मादी म्हणजे नराची मवाळ आवृत्ती, ही समजूत मुळातच लंगडी आहे.

दोन अनोळखी माद्या समोरासमोर आल्या, की काय होतं ते जवळून बघण्यासारखं असतं. आधी दोघींचा रंग गडद होतो. दोघी आडव्या होऊन कूस दाखवतात आणि सगळे पर ताणून स्वतःला होईल तेवढं मोठं करतात. मग समोर वळून कल्ल्यांची झाकणं उभारली जातात. गळ्याखालचा काळसर पडदा झालरीसारखा बाहेर येतो. शेपटीचे जोरदार फटके मारून पाणी एकमेकींच्या अंगावर लोटलं जातं. इथवर नुसती हमरीतुमरी असते, आणि पुष्कळदा प्रकरण इथेच मिटतं. नाही मिटलं, तर एक झेप घेऊन चावा : शेपटीला, पोटाखालच्या परांना किंवा कल्ल्याच्या कडेला. हरलेली ओळखू येते. तिचा रंग उतरतो, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत आडव्या काळ्या रेघा उमटतात, पर मिटतात आणि ती तिथून निघून जाते.

सगळं गाडं अडतं ते या ‘निघून जाते’वर. खाचरात ती दोन हात पलीकडे गवतात शिरते आणि विषय संपतो. जिंकणारीही तिच्या मागे फार लागत नाही. तिला तिची जागा हवी असते. इतकंच काय, अंडी घातल्यावर नरसुद्धा मादीला घरट्यापासून हाकलून लावतो, आणि ती जाते. म्हणूनच पैदास करणारे लोक वीण झाली, की मादीला ताबडतोब जाळीने उचलून वेगळं करतात. तिला जायला जागा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. काचेच्या पेटीत हरलेली फूटभर लांब जाते आणि काचेला टेकते. जिंकलेलीच्या लेखी ती अजून समोरच असते, म्हणजे अजून हरलेलीच नसते. मग दुसरा हल्ला, तिसरा हल्ला. शिवाय लॅबिरिंथमुळे एक नवीच पंचाईत. हा मासा तळाशी कुंडीत दडून कायमचा बसू शकत नाही, अधूनमधून हवेसाठी वर यावंच लागतं. वर येताना तो उघड्यावर असतो, आणि दबा धरून बसलेलीला हे बरोबर कळतं.

मग दुकानातल्या तीस जणी का भांडत नाहीत? एक तर त्या टँकमध्ये राखण्यासारखी जागाच नसते. रोप नाही, आडोसा नाही, ‘हा कोपरा माझा’ म्हणावं असं काही नाही. आणि कुणी हक्क सांगितलाच, तर एकोणतीस जणींना हाकलायचं कुणी? राग एवढ्या जणींत वाटला जातो, की एकीच्या वाट्याला फारसा येत नाही. दुसरं, तिथली वस्ती रोज बदलते. चार विकल्या जातात, नवी पेटी येते, जम बसायला कुणाला उसंतच मिळत नाही. तिसरं, प्रवासाने दमलेल्या, बेताचं खाणं मिळालेल्या माशांच्या अंगात भांडायला त्राण नसतं. त्याला शांतता म्हणणं जरा धाडसाचंच. त्याच माद्या घरी येतात, चांगलं पाणी आणि पोटभर ब्लडवर्म मिळतात, अंगात जोर येतो आणि मग खरा स्वभाव दिसतो.

तरीही अनेक माद्या एकत्र ठेवणारे लोक जगभर आहेत, आणि त्यातल्या काहींचे टँक वर्ष वर्ष नीट चालतात. पाश्चात्त्य हौशी मंडळींत अशा टँकला ‘सोरॉरिटी’ म्हणतात. हे जमतं तेव्हा का जमतं, ते बघितलं तर उत्तर एकाच जागी येतं : हरलेलीला नजरेआड होता येतं.

आधी आकार. आपल्याकडे टँक फुटाच्या मापात विकले जातात. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तर छप्पन-सत्तावन्न लिटर पाणी मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीसच्या आसपास उरतं. पाच माद्यांना हे कमी पडतं. तीन फुटी टँकमध्ये तेवढ्याच उंची-रुंदीला सुमारे पंच्याऐंशी लिटर मावतात, आणि सुरुवात खरी तिथून करावी. उंच टँकपेक्षा लांब टँक बरा, कारण पळायचं असतं ते आडवं. पण लिटर हा अर्धाच मुद्दा. रिकामा चार फुटी टँक हा रोपांनी गच्च भरलेल्या तीन फुटीपेक्षा वाईट, कारण त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं दिसतं. एका बाजूने बघताना समोरच्या काचेपर्यंत नजर जात असेल, तर झाडं कमी आहेत असं खुशाल समजावं. वॉलिसनेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट ही रोपं स्वस्त आणि भराभर वाढणारी. लाकडाला बांधलेलं जावा फर्न आणि मॉस टिकाऊ. लाकूड, नारळाची करवंटी, मातीच्या छोट्या कुंड्या चालतात, पण प्रत्येक आडोशाला दोन तोंडं हवीत. एकच तोंड असलेली गुहा म्हणजे सापळा. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पृष्ठभागाकडे. पिस्टिया किंवा तरंगत्या मॉसचे पुंजके वर असले, की हवा घ्यायला आलेल्या मासळीला तिथेही आडोसा मिळतो.

पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस राहावं. मुंबईत हे बहुतेक वर्षभर आपोआप जमतं, पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन अँटीक्लोरने काढणं आणि मासे आणण्याआधी तीन-चार आठवडे टँक सायकल करणं, म्हणजे फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू रुजू देणं, हे कुठल्याही माशाला लागू. फिल्टर स्पंजचा पुरतो. फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही. एक वस्तू मात्र आपल्याकडे फुकट मिळते. थाई पैदासकार फायटरच्या पाण्यात जी पानं घालतात आणि परदेशी हौशी लोक जी पाकिटात विकत घेतात, ती आपल्या देशी बदामाची. कोकणात अंगणाअंगणात आणि मुंबईत रस्त्याकडेला हे झाड असतं. आपोआप गळून वाळलेली पानं धुऊन टाकली, की पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्यातलं टॅनिन पाणी किंचित आम्ल करतं आणि जिवाणू-बुरशीला थोडं आवरतं. पाण्याला रंग चढला की लांबचं दिसतही कमी, हा इथे बोनस. धुराच्या, फवारणीच्या जागची पानं मात्र उचलू नयेत.

आता निवड. एकाच विणीच्या, एकत्र वाढलेल्या बहिणी मिळाल्या तर निम्मं काम झालं. पैदासकार एका विणीची पिल्लं एकत्रच वाढवतात. दोन-तीन महिन्यांची झाली आणि नर भांडायला लागले, की नरांना बरण्यांत काढतात, माद्या तशाच एकत्र राहू देतात. त्यांच्यातली उतरंड लहानपणीच, चावे बारीक असतानाच, ठरलेली असते. वेगवेगळ्या दुकानांतून ‘ही निळी, ती लाल’ असं करत जमवलेल्या मोठ्या माद्यांचं गणित सगळ्यात अवघड. सगळ्या साधारण एका मापाच्या असाव्यात, आणि लांब झुबकेदार शेपट्यांच्या शक्यतो नकोत. पळताना तो झगा आड येतो.

आणि मादी ही मादीच आहे ना, हे तपासावं. आखूड परांचा तरुण प्लाकाट नर मादी म्हणून सर्रास विकला जातो. पोटाखालच्या दोन लांब परांच्या मागे मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसतो, तो अंडी बाहेर पडण्याच्या नळीचा. पण कोवळ्या नरातही तसा ठिपका कधी कधी दिसतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. फिक्या रंगाच्या माशाच्या मागून मोबाईलचा टॉर्च धरला, तर मादीच्या पोटाच्या पिशवीमागे पिवळसर त्रिकोणी अंडाशय उजेडात दिसतं. कल्ले फुलवल्यावर गळ्याखालची दाढी भरगच्च बाहेर आली, तर तो बहुतेक नर. असा एक जरी टँकमध्ये शिरला, तर पुढचं सगळं वाया.

तीन माद्या हा सर्वांत वाईट आकडा, असं जाणकार सांगतात, आणि त्यात तथ्य दिसतं. एक वरचढ, एक मधली, आणि सगळा मार खायला तिसरी. पाच-सहा असल्या की मार वाटला जातो. आणल्यावर दोन-तीन आठवडे त्यांना वेगवेगळं ठेवून आजार नाही ना ते बघावं, आणि मग सगळ्यांना एकाच दिवशी, दिवे मालवून सोडावं. एक एक करून सोडलं, तर पहिली आलेली मालकीण होऊन बसते आणि नंतरची प्रत्येक घुसखोर ठरते.

पहिले काही दिवस पाठलाग होणार, एखाद्या पराला चीरही पडणार. घाबरून जायचं ते वेगळ्या खुणांनी. आडव्या रेघा दिवसचे दिवस जात नाहीत, एखादी खायला वर येत नाही, हीटरच्या मागे उभी राहते, कल्ल्याला किंवा डोळ्याला जखम होते, तर तिला त्याच दिवशी काढावं. उभ्या पट्ट्या दिसल्या तर काळजी नको, ती विणीच्या तयारीची खूण. खाणं एका जागी टाकू नये. दोन-तीन ठिकाणी एकदम टाकलं, की वरचढ मासळीला सगळीकडे पहारा देता येत नाही.

दादागिरी करणारी एकच असेल, तर मार खाणारीला नव्हे, तिला बाहेर काढावं. तिला आठवडाभर वेगळं ठेवायचं, दरम्यान लाकूड-कुंड्यांच्या जागा बदलायच्या, आणि मग परत सोडायचं. ती येते तेव्हा टँक ओळखीचा नसतो आणि बाकीच्या रुळलेल्या असतात. पुष्कळदा एवढ्याने भागतं.

या प्रकाराची खरी गोम मात्र पहिल्या आठवड्यात नाही. चार-सहा महिने सुरळीत चाललेला टँक एका रात्रीत बिघडतो, अशा हकिकती हौशी मंडळींत नेहमी ऐकू येतात. कोवळ्या माद्या पूर्ण वयात येतात तेव्हा उतरंड पुन्हा तपासली जाते. वरची मेली किंवा नवी एखादी आणली, तरी सगळे हिशेब नव्याने मांडले जातात. हे मासे एकमेकांच्या झुंजी बघूनही ठेवतात : पीटर मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत नरांनी दुसऱ्यांची झुंज पाहून पुढचं वागणं बदललं, आणि माद्या ज्याला जिंकताना पाहिलं त्या नराकडे आधी गेल्या. शिवाय भांडण दिसत नाही म्हणजे ताण नाही, असंही नव्हे. सतत दबून राहणाऱ्या माशाची प्रतिकारशक्ती खालावते, आणि मग पर कुजणं, कॉलम्नॅरिस, व्हेल्वेट हे आजार आधी तिला गाठतात. मालक औषध पाण्यात घालत राहतो. कारण रोपाआड बसलेलं असतं.

म्हणून पाच माद्या आणताना पाच स्वतंत्र जागांची तयारी हवी. झाकणाचे दहा-पंधरा लिटरचे डबे, एक-दोन जादा स्पंज फिल्टर, एवढं कपाटात असलं तरी चालतं. ज्याला ही तयारी नको, त्याने या वाटेला जाऊच नये. गट करूनच मासे पाळायची हौस असेल, तर बेटा इम्बेलिस ही दक्षिण थायलंड-मलेशियाकडची रानटी भाऊबंद जात जास्त सोशिक. तिच्या नर-माद्यांचा छोटा गट रोपांनी भरलेल्या मोठ्या टँकमध्ये राहू शकतो, फक्त मासे खरोखर त्याच जातीचे हवेत, फायटरशी संकर झालेले नकोत. आणि कुणाशीच पटत नाही म्हणून बाहेर काढलेल्या स्प्लेंडेन्स मादीची कीव करायचं कारण नाही. वीस लिटरच्या टँकमध्ये ती एकटी मजेत राहते, बोट दाखवलं की काचेपाशी येते, नर नसतानाही अंडी टाकते, स्वतःच ती खाऊन टाकते, आणि एखादी तर नरासारखं बुडबुड्यांचं घरटंही बांधून ठेवते.